सर्टिफिकेट नाही मिळणार, तरीही जा!

'आकाशदर्शनाला येणार का?' असं ग्रुपवर विचारलं की पहिला रिप्लाय ठरलेला, 'सर्टिफिकेट मिळतं का?' हसू नका, तुमच्याही ग्रुपवर हेच होतं. वर्कशॉप असो, श्रमदान असो की पथनाट्य, रिझ्युमेत एक ओळ वाढणार असेल तरच आपण घराबाहेर पडतो. म्हणूनच सांगतो, एकदा तरी हौशी लोकांनी चालवलेल्या वेधशाळेत जाऊन या. रिझ्युमेत लिहिण्यासारखं तिथे काहीच मिळत नाही.

पुण्यात टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेची वेधशाळा आहे. संस्था १९४४ची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची. मुंबईचं खगोल मंडळ लोकांना वांगणीला नेऊन रात्रभर आकाश दाखवतं. हे सगळं चालतं ते हौसेवर. दिवसभर नोकरी-धंदा, कॉलेज करायचं आणि रात्री अनोळखी लोकांना तारे दाखवत उभं राहायचं!

जाताना अपेक्षा मात्र घरी ठेवून जा. मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोटोत गुलाबी दिसतो, दुर्बिणीतून करड्या धुरासारखा. कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. देवयानी दीर्घिका तर नुसता पुसट डाग. ती बघून मी म्हटलं, 'एवढंच?' शेजारी उभे असलेले काका शांतपणे म्हणाले, 'पुन्हा बघ. घाई करू नकोस.' पुन्हा डोळा लावला. डाग तोच होता. पण त्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. तो निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हताच. तो आत्ता थेट माझ्या डोळ्यात शिरत होता. मध्ये ना स्क्रीन, ना फिल्टर. त्या रात्री मी स्टोरी टाकली नाही. टाकण्यासारखा फोटोच नव्हता.

हौशी म्हणजे कच्चा, असंही समजू नका. १७८१मध्ये युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल तेव्हा पोटासाठी संगीत शिकवत होता, वाजवत होता. दुर्बीण त्याने घरीच बनवलेली. २००९च्या जुलैमध्ये गुरूवर काहीतरी आदळल्याची काळी खूण सगळ्यात आधी दिसली ती ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला. व्यवसायाने तो कॉम्प्युटर प्रोग्रॅमर. दोघांनाही 'याचा उपयोग काय' हा प्रश्न आधी पडला असता, तर?

तुम्ही म्हणाल, प्लेसमेंटचं टेन्शन तुला काय माहीत! माहीत आहे, मीही त्याच रांगेत आहे. म्हणूनच म्हणतो, महिन्यातली एक संध्याकाळ अशी हवी, जिचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी बदल्यात करायची सवय लागली, की मुळात आपल्याला काय आवडतं तेच विसरायला होतं. मग इंटरव्ह्यूत 'हॉबी काय?' या प्रश्नाचं उत्तरही पाठ करावं लागतं.

तेव्हा पाऊस संपला, की जवळच्या क्लबला फोन करून आकाशदर्शनाची वेळ विचारा. चंद्र बघायचा असेल तर पौर्णिमा टाळा, शुक्ल अष्टमीच्या आसपास जा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हाच खरी मजा. मोबाइलचा टॉर्च मात्र खिशातच ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एका फ्लॅशमध्ये सगळ्यांचे शिव्याशाप मिळतात.

आणि आवडलं तर दुसऱ्यांदा नुसते बघायला जाऊ नका, हात लावायला जा. स्टँड उचला, रांग सांभाळा. या वेधशाळा पगारावर चालत नाहीत. पुढची पोरं आली नाहीत, तर एक दिवस बंद पडतील. कधीतरी एखादी शाळकरी मुलगी डोळा लावून म्हणेल, 'एवढंच?' तेव्हा 'पुन्हा बघ, घाई करू नकोस' म्हणायला तिथे कुणीतरी हवं ना?