हॉटेलचा दिवस केव्हा उजाडतो?

खेड तालुक्यातल्या एका वाडीतून एस. टी.च्या पासावर कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्याने विमानतळाजवळच्या हॉटेलांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल. परंतु ज्यांचे वडील, काका किंवा मामा आखातात नोकरीला आहेत त्यांनी हात वर करावेत असे कुणी वर्गात म्हटले, तर किती बाकांवरून हात वर येतील हे आपण सारे जाणतो. ही माणसे वर्षा-दोन वर्षांनी गावी येतात आणि पुष्कळदा मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरतात. त्यांच्यासाठी मोबाइलवरून खोली ठरवण्याचे काम घरातल्या ‘शिकलेल्या’ पोरावर येऊन पडते. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

आमच्या घरी हे काम माझ्याकडे आले ते २०२५ च्या मे महिन्यात. मामा दुबईहून येणार होते. माझ्या कॉलेजची फी आजवर त्यांनीच भरली आहे. गुडघा दुखावल्यामुळे त्यांना फार वेळ बसवत नव्हते. फोनवर ते आईला म्हणाले, “ताई, शनिवारी रात्री येतो.” तिकिटावर होते रविवार, १८ मे, रात्री १.३०. सकाळी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडायची, तोवर चार-पाच तास पाठ टेकायला जागा हवी होती. मुंबईत नातेवाईक नाहीत असे नाही. पण पहाटे तीन वाजता कुणाच्या दहा बाय बाराच्या खोलीचे दार वाजवणे मामांना मान्य नव्हते. मी मोठ्या ऐटीत खोली ठरवली, पैसे भरले आणि त्यांना आणायला मुंबईला गेलो.

पासपोर्टचा शिक्का, सामानाचा पट्टा हे सोपस्कार उरकून मामा बाहेर आले तेव्हा पावणेतीन झाले होते. मरोळच्या एका गल्लीतल्या त्या हॉटेलात पोहोचलो. काउंटरवरच्या मुलाने माझा मोबाइल पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमचं बुकिंग अठराचं आहे. अठराचा चेक-इन दुपारी दोनला. आज हाउस फुल्ल आहे.”

“अहो, पण अठरा तारीख लागून तीन तास झाले!”

“आमच्याकडं अजून सतराच आहे.”

सोफ्यावर बसायला त्याची हरकत नव्हती. फक्त आडवे व्हायचे नव्हते. तासाभराने मामांचा गुडघा ठणकू लागला. आम्ही बाहेर आलो. कोपऱ्यावर सायकलवर चहा विकणारा एक भय्या होता, त्याने एक स्टूल दिले. त्यावर मामांनी पाय ठेवला, बॅगेवर बैठक मारली आणि उजाडेपर्यंत मला गावच्या पावसापाण्याची विचारपूस केली. माझ्या चुकीबद्दल अक्षर काढले नाही. गाडीत मात्र त्यांना अशी झोप लागली, की खेड आल्यावर मला त्यांना हलवून उठवावे लागले.

मी पुष्कळ विचार केला, की चूक नेमकी कुठे झाली? मला वाटते, त्या रात्री तीन घड्याळे एकाच वेळी चालू होती. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. म्हणून मामांच्या आणि आईच्या लेखी ती शनिवारची रात्र होती. विमान कंपनीची तारीख रात्री बारा वाजता बदलते; तिच्या लेखी रविवार लागला होता. आणि हॉटेलचा दिवस उजाडतो दुपारी बारा किंवा दोन वाजता! मी तिकिटावरची तारीख हॉटेलच्या रकान्यात जशीच्या तशी उतरवली. मला घ्यायला हवी होती १७ तारखेची रात्र. गंमत अशी, की पंचांगावर चालणाऱ्या माझ्या आईला विचारले असते, तर तिने सतराच सांगितली असती.

हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही. रात्री तीन वाजता खोली हवी, तर ती आदल्या दुपारपासून मोकळी ठेवावी लागते. तिचे भाडे तो मागणारच. म्हणून पहिली गोष्ट ही, की मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याने आदल्या तारखेची खोली घ्यावी. दुसरी ही, की हॉटेलला स्वतः फोन करून उतरण्याची वेळ सांगावी. नाहीतर रात्री अकरापर्यंत पाहुणा आला नाही, तो आता येत नाही, असे समजून एखादा मॅनेजर ती खोली दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. काही ठिकाणी तासांच्या हिशेबाने खोल्या मिळतात. त्यांचीही चौकशी करावी.

दुसरा भ्रम अंतराचा. हॉटेलच्या नावात ‘एअरपोर्ट’ असले की आपण निर्धास्त होतो. पण मुंबईच्या विमानतळाला दोन दारे आहेत. परदेशाची विमाने सहारच्या टर्मिनल दोनवर येतात. टर्मिनल एक पार पश्चिमेकडे, सांताक्रूझच्या बाजूला आहे. मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर विमानतळाला वळसा घालून कापावे लागते. शिवाय ते कापायचे कसे? टर्मिनल दोनला २०२४ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो आली खरी, पण रात्री दोन-अडीचला तीही झोपलेली असते. टॅक्सी किंवा हॉटेलची गाडी एवढेच उरते.

मी तर असे म्हणेन, की खोली विमानतळाजवळ हवी हा हट्टच तपासून पाहावा. आपल्याला जायचे असते ठाण्याला, दादरला किंवा परळच्या एस. टी. स्टँडवर. रात्री रस्ते मोकळे असतात, सकाळी तुंबतात. तेव्हा प्रवास रात्रीच उरकून सकाळच्या गाडीजवळ निजावे, हे अधिक शहाणपणाचे. मात्र माणूस फार थकलेला किंवा आजारी असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवावा.

पण केवळ प्रवाशाला शहाणे करून हा प्रश्न संपत नाही. विमाने अशा आडवेळी का येतात? दुबईहून रात्री नऊला निघालेले विमान तीन तास उडते आणि आपले घड्याळ दीड तास पुढे असल्याने दीड वाजता मुंबईत उतरते. युरोपातून दुपारी निघालेल्या विमानाचेही तसेच. त्यातच तिकडच्या काही विमानतळांवर रात्रीची उड्डाणे बंद असतात. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच अशी बंदी आहे. त्या गावाची झोप शाबूत राहावी म्हणून बंदी आली, हे योग्यच झाले. मग आपल्याकडे मध्यरात्री उतरणाऱ्यांच्या झोपेची चिंता कुणी करायची?

रेल्वेने ती केली आहे. तिकीट असलेल्याला मोठ्या स्टेशनांवर वेटिंग रूम असते, अनेक ठिकाणी बेताच्या भाड्यात रिटायरिंग रूम मिळते. त्याआधी अहिल्याबाईंनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र उघड्यावर निजले. लांबून आलेल्या माणसाला रात्रीपुरती पथारी पसरू द्यावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सहारचे नवे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाले तेव्हा तेथील भव्य कलादालनाचे फार कौतुक झाले. ते असावेच. पण एकदा बाहेर पडलेल्या प्रवाशाला नव्या तिकिटावाचून आत परतता येत नाही, आणि आत पैसे मोजून निजण्याची जी सोय आहे ती आखातात मजुरी करणाऱ्याच्या खिशाला परवडणारी नाही. त्याच इमारतीच्या बाहेरच्या अंगाला पन्नास-शंभर साध्या खाटांचे विश्रांतिगृह का असू नये? आखातातल्या माणसांनी धाडलेल्या पैशांवर कोकणातली किती घरे उभी राहिली! त्या माणसांनी मायभूमीतली पहिली रात्र बॅगेवर बसून का काढावी?

हे होईल तेव्हा होईल. तोवर मित्रहो, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी खोली ठरवताना चित्रे आणि चांदण्या मोजण्याआधी तारीख दोनदा वाचा. आपल्याला मोबाइल चालवता येतो म्हणून ते आपल्यावर निर्धास्त विसंबतात. त्या दिवशी घरी पोहोचल्यावर आईने विचारले, “रात्री नीट झोप झाली ना?” मी खाली मान घातली. मामा म्हणाले, “हो तर! झकास खोली होती. पोरानं बघून घेतली होती.”