जीवाश्म फुलाचे वर्णन आणि नामकरण

क्रिटेशस काळातील सपुष्प वनस्पती अखंड अशी क्वचितच सापडते. पान एका थरात, खोड दुसऱ्या थरात, फूल आणि फळ सुटे सुटे. म्हणूनच पुरावनस्पतिशास्त्रात प्रत्येक अवयवाला वेगळे नाव देण्याची रीत पडली आणि आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनेही ती मान्य केली.

नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथील फूल हे याचे उत्तम उदाहरण आहे. क्रिटेशसच्या अखेरीस दख्खनच्या लाव्हाप्रवाहांदरम्यान साचलेल्या गाळात वनस्पतींचे अवशेष सिलिकाने भरले आणि चर्ट या सिलिकामय दगडात टिकले. बिरबल साहनी यांनी १९४३ मध्ये तेथील फळाला एनिग्मोकार्पॉन परिजाई हे नाव दिले. पुढच्याच वर्षी व्ही. बी. शुक्ला यांनी तेथील फुलासाठी साहनिअँथस ही प्रजाती स्थापली आणि फुलाचे फळाशी असलेले नाते मांडले. दोन्हींचे साधर्म्य मेंदी आणि ताम्हण यांच्या लिथ्रेसी कुलाशी आहे. नाते मांडले गेले तरी फुलाचे नाव फुलाकडे आणि फळाचे फळाकडे राहिले.

अशा फुलाचे वर्णन छेदांवरून होते. करवतीच्या प्रत्येक कापात पात्याच्या जाडीइतका दगड कायमचा जातो. फूल काही मिलिमीटरचे असेल तर तेवढ्यात परागकोशही हरवतो. पील पद्धतीत नुकसान कमी होते. घासलेला पृष्ठभाग हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवला की सिलिका विरघळते आणि पेशीभित्तिका किंचित वर उभ्या राहतात. त्यावर ॲसिटोन ओतून सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ कागद बसवला की त्या त्यात रुततात आणि वाळल्यावर कागदाबरोबर निघतात. ओळीने घेतलेल्या पीलमधून निदले, पाकळ्या, पुंकेसर, किंजपुटातील कप्पे आणि बीजकांची मांडणी क्रमाने उलगडते. कापण्यापूर्वी सूक्ष्म सीटी करता आल्यास फुलाचा घाट आधीच नोंदला जातो.

नाव वैध ठरण्याच्या अटी स्पष्ट आहेत. जीवाश्म जातीसाठी १९१२ पासून आवश्यक लक्षणे दाखवणारे चित्र, १९९० पासून प्ररूपाचा, म्हणजे नाव ज्या नमुन्याशी बांधलेले असते त्याचा, स्पष्ट निर्देश आणि तो जतन करणाऱ्या एकाच संस्थेचे नाव, १९९६ पासून लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन अथवा निदान, तर २००१ पासून प्ररूप नमुन्याचेच किमान एक चित्र आवश्यक आहे. प्ररूप नेहमी प्रत्यक्ष नमुनाच असतो; चित्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून चर्टचा उरलेला तुकडा, सर्व छेद आणि पील एकाच क्रमांकाखाली संग्रहालयात जमा झाल्यावरच हस्तलिखित पाठवावे. फळाशी नाते जोडायचे असेल तर एकाच थरात सापडणे पुरेसे नाही. रचनेतील साम्य किंवा सलग जोडलेला अवशेष दाखवावा लागतो. परागकोशातील परागकण वेगळ्याने वर्णिले, तर विखुरलेल्या परागांशी तुलना करण्याची वाट पुढच्या अभ्यासकाला मोकळी राहते. कुलाविषयी खात्री नसल्यास साधर्म्य अनिश्चित म्हणून नोंदवणे शास्त्राला धरून आहे. वर्णन पूर्ण असेल तर नाव तेवढ्याने अडत नाही.