एका म्यानात दोन तलवारी? जेनेरिक्स आणि डायनॅमिक डिस्पॅच यांच्या कथित वैराचा समाचार

१/९
‘जेनेरिक्स आणि डायनॅमिक डिस्पॅच या दोन तलवारी एका म्यानात राहूच शकत नाहीत, तो तर्काचाच नियम आहे,’ असे विधान संगणकभाषांच्या चर्चेत वारंवार केले जाते. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. माणसांनी घेतलेल्या निर्णयाला नियती म्हणण्याची ही जुनीच खोड आहे.

२/९
आधी संज्ञा. जेनेरिक्स म्हणजे एकच कृती अनेक टाइपांसाठी लिहिणे: यादी एकदाच लिहावी, मग ती आकड्यांची असो वा नावांची. डायनॅमिक डिस्पॅच म्हणजे कोणती मेथड चालवायची, हे प्रोग्रॅम चालू असताना समोरचा ऑब्जेक्ट पाहून ठरवणे. पहिल्याचा निवाडा बहुधा कम्पायलर आधीच करतो, दुसऱ्याचा आयत्या वेळी होतो. वैराचा आभास येथूनच निर्माण होतो.

३/९
दोन्हींची घराणी वेगळी, हे मान्य. ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांच्या सिम्युला ६७ ने ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजर दिल्या. त्याच १९६७ साली क्रिस्टोफर स्ट्रॅची यांनी कोपनहेगनच्या व्याख्यानांत ‘पॅरामेट्रिक’ बहुरूपतेची संकल्पना मांडली. १९७०च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयूने आणि रॉबिन मिल्नर यांच्या एमएलने तिला प्रत्यक्ष रूप दिले.

४/९
परंतु घराणी वेगळी म्हणजे वैर नव्हे. १९८५ साली लुका कार्डेली आणि पीटर वेग्नर यांनी दोन्ही बहुरूपता एकाच सिद्धान्तात बसवून दाखवल्या. १९८६ साली बर्ट्रांड मेयर यांनी वारसा आणि जेनेरिसिटी यांची तुलना करणारा निबंध सादर केला आणि आपल्या आयफेल भाषेत दोहोंना जागा दिली.

५/९
मग सी++ व्हर्च्युअल मेथडला टेम्प्लेट का होऊ देत नाही? कारण तेथे प्रत्येक टाइपसाठी मेथडची स्वतंत्र प्रत तयार होते, आणि व्हर्च्युअल मेथडींचा तक्ता मात्र ठरावीक घरांचा असतो. किती प्रती लागतील हे ठाऊक नसताना घरे किती आखणार? रस्टच्या ट्रेट ऑब्जेक्टवर जेनेरिक मेथडींबाबत बंधन आहे, तेही याच कारणाने. लक्षात घ्या, टाइप पॅरामीटर क्लासवर असेल तर सी++ लाही अडचण नाही.

६/९
म्हणजे अडचण प्रती काढण्याच्या पद्धतीत आहे, तर्कात नाही. पुरावा? २००४ सालचा जावा ५. तेथे टाइपची माहिती पुसली जाते, मेथडची प्रत एकच राहते, म्हणून तक्त्यात घरही एकच पुरते. जेनेरिक मेथड बिनदिक्कत ओव्हरराइड होते. जुन्या कोडशी सुसंगती राखण्यासाठी हा मार्ग निवडला गेला. किंमत अशी की, चालू प्रोग्रॅमला नावांची यादी आणि आकड्यांची यादी वेगळी ओळखता येत नाही.

७/९
दुसरा पुरावा: डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांचा २००१ सालचा निबंध आणि त्यातून २००५ साली सी# २.० मध्ये अवतरलेले जेनेरिक्स. येथे टाइप पुसले जात नाहीत. रेफरन्स टाइपांना सामाईक कोड, व्हॅल्यू टाइपांना स्वतंत्र कोड, आणि जेनेरिक व्हर्च्युअल मेथडचा शोध प्रोग्रॅम चालू असताना. किंमत: तो शोध साध्या व्हर्च्युअल कॉलहून महाग पडतो आणि रनटाइमवर भार येतो.

८/९
‘वेग हवा असेल तर सी++ चाच मार्ग खरा,’ असा आक्षेप येईल. असेल! ज्याला चालू प्रोग्रॅमसोबत जड रनटाइम नको, त्याने ही मनाई जरूर पत्करावी. परंतु मग ‘आम्ही वेगासाठी हे सोडले’ असे म्हणावे. ‘हे अशक्यच आहे’ असे म्हणू नये. पहिले विधान हिशेब मांडते, दुसरे तो लपवते.

९/९
मित्रहो, प्रश्न केवळ संगणकाचा नाही. भाषेची मर्यादा निसर्गनियम म्हणून शिकलेला विद्यार्थी ती बदलण्याचा विचारही करत नाही. ‘अपरिहार्य’ हा शब्द दिसला की इतिहासाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत: निर्णय कोणी घेतला, कशासाठी घेतला आणि किंमत कोणी मोजली? दोन तलवारींचे म्यान १९८६ सालीच घडले होते. आपण फक्त आपल्या कमरेचे पाहत होतो.