जुने विमान : रंग नको, वही दाखवा

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी शिंगांच्या रंगाला भुलत नाही. तो दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालून भावाचे बोलतो. जुने छोटे विमान घेणाऱ्यानेही हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमान आणि तेही जुने, हे ऐकून आपल्याकडे कोणालाही हसू येईल. पण अमेरिकेतील हौशी वैमानिक बहुधा जुनेच विमान घेतो. तेथील सेस्ना कंपनीने 1956 साली ‘172’ हे चार आसनांचे विमान बाजारात आणले. आजवर अशी 44,000 हून अधिक विमाने बनली. नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या ओझ्याखाली कंपनीने 1986 साली त्यांचे उत्पादन थांबविले. ते पुन्हा सुरू व्हायला दहा वर्षे लागली. नवे विमान साध्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे पन्नास वर्षांची विमानेही आज या हातातून त्या हातात जात असतात.

माझा मामेभाऊ तिकडे असतो. त्याच्यापुढे अशी दोन विमाने होती. एकाला नवा रंग, नवी आसने. इंजिन नव्याने बांधल्यानंतर पंधरा वर्षांत जेमतेम 400 तास चाललेले. दुसऱ्याचा रंग विटलेला, इंजिन 1,500 तास चाललेले. पण ते दर आठवड्याला उडणारे. मी यंत्रशास्त्र शिकवितो म्हणून त्याने मला विचारले. मी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला.

याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. 1968 च्या मॉडेलपासून या विमानांत लायकॉमिंगचे इंजिन आले. त्यात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की वरचे तेल निथळून जाते, दमट हवेने गंज धरतो आणि पुढे कॅम झिजू लागतात. म्हणूनच इंजिन 2,000 तासांनी किंवा 12 वर्षांनी, जे आधी होईल तेव्हा, पूर्ण उघडून बांधावे असे कारखाना सांगतो. विक्रेते तास सांगतात, वर्षे सांगत नाहीत!

दुसऱ्या विमानाचे इंजिन लवकरच उघडावे लागेल, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च उघड आहे, किमतीतून वजा करून मागता येतो. पहिल्याच्या पोटात काय आहे, हे सिलिंडर उतरवून पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. शिवाय त्याची जुनी नोंदवही ‘हरवली’ होती. विमानाला कधी अपघात झाला, पंख कधी दुरुस्त केला, सुरक्षिततेचे सरकारी आदेश पाळले की नाही, हे वहीच सांगते. 1987 साली सेस्नाच्या आसनांचे रूळ तपासण्याचा असाच एक आदेश निघाला होता. झिजलेल्या रुळावरून उड्डाणाच्या क्षणी आसन मागे सरकले, तर वैमानिक सुकाणूच मागे ओढतो. अशा नोंदीवर प्राण अवलंबून असतात.

नुकतीच वार्षिक तपासणी झाली आहे, एवढ्यावरही विसंबू नये. कायद्याने ती दर 12 महिन्यांनी व्हावीच लागते. खरेदीपूर्वीची तपासणी त्या विमानाला पूर्वी हात न लावलेल्या मेकॅनिककडून, स्वतःच्या पैशाने करून घ्यावी. विक्रेता तिला नकार देईल, तर तेथूनच परतावे.

मामेभावाने दुसरे विमान घेतले आणि इंजिन उघडण्याचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवले. ज्याला एवढे जमणार नाही, त्याने क्लबचे विमान तासाच्या भाड्याने उडवावे. त्यात कमीपणा कसला? शेजारच्या आसनावर आपलीच बायकामुले बसणार असतात.