विद्यापीठ कोणतें निवडावें?

आमच्या एका वाचक भगिनी लिहितात, "मुलीला विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेखालीं एक सत्र जर्मनींत शिकावयाचें आहे. महाविद्यालयानें तीन विद्यापीठांचीं नांवें दिलीं आहेत. तिचे वडील म्हणतात, सर्वांत नामांकित असेल तेंच घ्यावें. आपलें मत काय?" हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून निघत असल्यामुळें त्याचें उत्तर येथेंच देतों.

नांवाचा मोह स्वाभाविक आहे. परंतु विनिमयाचा विद्यार्थी त्या विद्यापीठाची पदवी घेत नाहीं. तो पाहुणा म्हणून जातो. शिक्षणशुल्क बहुधा आपल्याच संस्थेंत भरतो आणि पदवीही तिचीच घेतो. तेव्हां तेथें शिकलेले विषय येथें धरले जातील काय, हा पहिला प्रश्न. युरोपांत एका वर्षाच्या अभ्यासाचे ६० श्रेयांक मानतात, सत्राचे ३०. त्यांपैकीं किती मान्य होतील, हें जाण्यापूर्वीं लेखी घ्यावें.

आमचाच एक भाचा येथें फसला. तोंडी आश्वासनावर विसंबून तो गेला आणि मन लावून शिकला. परत आल्यावर त्याचे दोन विषय कोणत्याच रकान्यांत बसेनात. ते पुन्हां द्यावे लागले व वर्ष गेलें. त्याच्या आईनें याकरितां आपली ठेव मोडली होती. कागद मागण्याचें आम्हां वडीलधाऱ्यांपैकीं एकालाही सुचलें नाहीं, ही खंत अजून जात नाहीं.

दुसरा प्रश्न काळाचा. जर्मनींतील हिवाळी सत्राचीं व्याख्यानें सामान्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालतात, उन्हाळी सत्राचीं एप्रिल ते जुलै. आपल्याकडील परीक्षा त्यांत अडकते काय, तें पाहावें. भाषेचेंही तसेंच. पदव्युत्तर वर्गांत इंग्रजी माध्यम बरेंच आढळतें. पदवीच्या वर्गांत मात्र बहुतेक शिकवणें जर्मनमध्येंच असतें.

तिसरा प्रश्न खर्चाचा. शुल्क माफ झालें तरी राहणें-जेवणें आपलेंच. सप्टेंबर २०२४ पासून जर्मन सरकारनें विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठीं दरमहा ९९२ युरो धरले. परंतु म्युनिकमध्यें खोलीचें भाडेंच त्यांतील मोठा भाग खातें. लाइपझिगांत तें पुष्कळ कमी पडतें.

इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या. त्यांचा विषय मानववंशशास्त्र, आणि त्या विषयाची स्वतंत्र संशोधनसंस्था त्या नगरींत नुकतीच निघाली होती. विषय आधीं, स्थळ मागून, हाच क्रम आम्हांस योग्य वाटतो.

तेव्हां बापलेकींनीं एक कागद घेऊन तिन्ही नांवांपुढें विषय, मान्यता, भाषा, सत्र व खर्च मांडावा. नामांकित विद्यापीठ त्यांतही वर ठरलें, तर उत्तमच. शेवटचा शब्द मात्र मुलीचा असूं द्यावा. परक्या मुलखांतील थंडींत एकटें राहून अभ्यास करावयाचा आहे, तो तिला.