गोळीआधी दोन विटा

रात्री जेवण झाले की खायचा सोडा पाण्यात घालून पिणारे एखादे आजोबा तुमच्याही घरी असतील. तिशीत असताना मीही तेच करीत असे. ढेकर येई, छातीतली जळजळ शमे. आडवे होताच पुन्हा सुरू!

असे का व्हावे? अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल वर येते. सोडा आम्लाचे उदासिनीकरण करतो खरा. पण त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, पोट फुगते आणि वाढलेल्या दाबाने झडप पुन्हा उघडू शकते.

१९८० च्या दशकाअखेर आलेले ओमेप्राझोल मुळावरच घाव घालते. जठराच्या पेशी हायड्रोजनचे आयन, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर टाकतात. तो 'पंप'च ते बंद पाडते. औषध गुणकारी आहे, पण सैल झडप त्याने घट्ट होत नाही.

म्हणून माझे मत असे, की गुरुत्वाकर्षणाची मदत आधी घ्यावी. ती फुकट मिळते! पलंगाच्या उशाकडील पायांखाली प्रत्येकी दोन विटा ठेवा. ती बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच होईल. नुसत्या उशा रचू नका. त्याने पोट दुमडते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा.

मात्र जळजळ आठवडेच्या आठवडे टिकली, घास अडकू लागला किंवा वजन घटले, तर विटांवर विसंबू नका, डॉक्टरांना गाठा. त्यांनी दिलेली गोळीही आपल्या मनाने सोडू नका.

आजोबांना एवढे सांगाल ना? सोडा भज्यांतच शोभतो!