घरचे मांजर आणि दारातली विषारी झाडे



चाळ असो की झोपडपट्टी, मांजर फिरत नाही अशी गल्ली आपल्या वस्तीत सापडायची नाही. कोणी ते विकत आणलेले नसते. पावसात भिजलेले पिल्लू पोरे उचलून आणतात आणि ते घरचेच होऊन जाते. रेशनच्या गहू-तांदळाची उंदरांपासून राखणही तेच करते. फुटक्या बादलीत नाहीतर तेलाच्या डब्यात लावलेली चार झाडे, ही आपल्या घरातली दुसरी हौस. या दोघांची जागा मात्र एकच असते : उंबरा, गॅलरी आणि खिडकीचा कट्टा. म्हणून कोणत्या झाडाशेजारी मांजर सुरक्षित नाही, हे प्रत्येक घराने जाणून घ्यायला हवे.

“जनावराला विष कळते” असे म्हणतात, पण त्यावर विसंबू नये. मांजर मांसाहारी असले तरी हिरवे पान चावण्याची त्याला सवय असते, आणि पिल्ले तर दिसेल त्याला तोंड लावतात. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते. त्यामुळे केसांवर पडलेले परागकणही पोटात जातात. त्यातच अनेक विषे आणि औषधे निकामी करण्याची त्याच्या यकृताची ताकद फार कमी असते.

सर्वांत घातक म्हणजे बुकेतली लिली. मंगल परिणयाला किंवा सत्काराला मिळालेला बुके आपण घरी आणून पाण्यात ठेवतो. त्यातल्या मोठ्या, सुवासिक लिलीचे पान, पाकळी, पराग, एवढेच काय, त्या भांड्यातले पाणीदेखील मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. आधी उलट्या होतात, मांजर खाणे सोडते. मग जरा बरे वाटल्यासारखे दिसते आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. पहिल्या काही तासांत सलाईन सुरू झाले तर ते वाचू शकते. १८ तासांहून अधिक उशीर झाला तर आशा फार थोडी उरते. ज्या घरात मांजर आहे तिथे ही लिली आणूच नये. हारातल्या पांढऱ्या कळ्यांची लिली वेगळ्या कुळातली आहे. तिने मूत्रपिंड जात नाही, पण तिच्या कंदाने उलट्या होतात.

दुसरी कण्हेर. लाल, गुलाबी किंवा पांढरी, तशीच बिट्टीची पिवळी कण्हेरही. या झाडांचे विष थेट हृदयावर काम करते. वाळलेल्या पानातही ते टिकते, म्हणून छाटलेल्या फांद्या दारात पडू देऊ नयेत. पानफुटीचे विषही हृदयालाच बाधते. शोभेच्या सायकसने यकृत जाते, आणि त्याची बी सर्वांत वाईट. धोत्रा, एरंडाच्या बिया, गुंज आणि कळलावीचा कंद ही सारी जीवघेणी आहेत. कुंड्यांना खत म्हणून घातलेल्या एरंडीच्या पेंडीच्या वासाला जनावरे भुलतात, तेव्हा ती टाळलेली बरी.

मनी प्लांट चघळला तर सहसा जीव जात नाही. पण त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते, लाळ गळते. कोरफड आणि शेवंतीने उलट्या-जुलाब होतात. बुद्धमूर्तीपुढे वाहिलेली शेवंती मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. गुलाब, मोगरा आणि जास्वंद यांची भीती नाही.

मांजर लाळ गाळू लागले, लडखडू लागले, कोपऱ्यात दडून बसले की काही घरांत अजूनही मिरच्या-मोहरी ओवाळून दृष्ट काढली जाते. तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. कारणावाचून काही घडत नाही. तेव्हा कारण शोधावे : कोणते पान कुरतडलेले आहे, कोणती कुंडी उकरली आहे? अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो, तो ओवाळण्यात घालवू नये.

मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये. दूध, तूप, तेलही ओतू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. माणसाची तापाची गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. अंगावर पराग असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढावेत आणि त्या झाडाची डहाळी पिशवीत घालून मांजराला तडक पशुवैद्यांकडे न्यावे. मुंबईकरांसाठी परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. गावाकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. लक्षण दिसण्याची वाट पाहू नये.

मांजराला हिरवे चावायला हवेच असते. त्यासाठी एका डब्यात मूठभर गहू पेरावेत. आठवडाभरात कोवळी पाती येतात आणि मांजर तिकडे वळते. यात पैशाचा खर्च नाही, फक्त आठवण ठेवायची.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्येही त्यांनी सांगितले आहे की, करुणा माणसांपुरती असते, मैत्री मात्र सर्व जिवांना कवेत घेते. ही मैत्री विहारात वंदना म्हणण्यापुरती राहू नये. ती घरातल्या कुंडीपर्यंत पोहोचली पाहिजे.

आणखी एक. कण्हेर, धोत्रा, एरंडाची बी आणि गुंज यांना मांजर आणि रांगते मूल यांतला फरक कळत नाही. तेव्हा येत्या रविवारी सुट्टीच्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन घराभोवतीची झाडे एकदा नीट पाहा. कोणते झाड ठेवायचे आणि कोणते काढायचे हे त्यांनाच ठरवू द्या. जे झाड त्यांनी स्वतः ओळखले, ते ती जन्मभर विसरणार नाहीत.

जय भीम!